एका माणसाच्या मापाचं

टाकी कलायला लागली तेव्हा मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते. हजार लिटरची नवीकोरी टाकी, पहिल्याच मोठ्या पावसात काठोकाठ भरलेली. खालचा दगडांचा चौथरा मीच रचला होता. आतला भराव मीच घातला होता, पण थराथराने पाणी मारून चोपायचा कंटाळा केला होता. तो भिजून एका कोपऱ्यात खचला आणि टाकी हळूहळू त्या बाजूला झुकायला लागली. हात लावण्यात अर्थ नव्हता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे समोर एक टन वजन कलत होतं. तोटी सुदैवाने वरच्या अंगाला होती. ती पूर्ण उघडली आणि लांब झाले. पुढचा पाऊण तास सगळं पाणी उतारावरून वाहून जाताना बघत राहिले.

जमिनीवर राहायला येऊन तेव्हा मला जेमतेम दोन महिने झाले होते. 'जरा इकडे धर' असं म्हणायला इथे कोणी नाही, हे मला त्या पाऊण तासात पहिल्यांदा अंगात उतरल्यासारखं कळलं. एकटीने राहायचं हे आधीपासून ठरलेलंच होतं. पण एकटीने राहणं वेगळं आणि एकटीने उचलणं वेगळं. त्यानंतर मी जे काही केलं, त्यातलं टिकलं ते माझ्या एकटीच्या अंगाला पेलणारं होतं, आणि फसलं ते त्याहून मोठं होतं. ही सगळी हकीकत त्याचीच आहे.

सुरुवात केली तेव्हा मला शेतीतलं काहीही येत नव्हतं. कुंडीतली झाडं जगवली होती, शिवणकाम येत होतं, सायकलचं पंक्चर काढता येत होतं. पैसे थोडेच होते आणि त्यांचे मी तीन वाटे केले. एक जमीन आणि पाण्यासाठी, एक वर्षभराच्या पोटापाण्यासाठी, आणि तिसऱ्याला काहीही झालं तरी हात लावायचा नाही. हा तिसरा वाटा राखला म्हणूनच पुढे तगले असं मला आजही वाटतं. आठवड्यातले दोन दिवस घरून करायचं जुनं काम मी सोडलं नाही. जमीन पहिल्या वर्षापासून पोसेल अशी आशा मनात होती, पण तिच्यावर भिस्त ठेवली नाही. पहिल्या वर्षी जमिनीने फारच थोडं दिलं. मीठ, तेल, औषधं, दुरुस्त्या यांना रोकडच लागते.

जमीन बघताना मातीपेक्षा आधी मी वाट आणि पाणी बघितलं. रस्त्यापासून जमिनीपर्यंत जायची वाट कागदावर आहे की नुसती तोंडी, हद्दीच्या खुणा जागेवर आहेत का, पावसाळ्यात पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं, ऐन कोरड्या दिवसांत विहिरीला किती पाणी राहतं. घेतलेला तुकडा उताराचा होता, मातीही काही फार भारी नव्हती. पण वाट पक्की होती आणि वरच्या कोपऱ्यात एक पडकी खोली होती. भिंती अर्ध्या पडलेल्या, छपराचे वासे मात्र शाबूत.

पहिले सहा महिने मी पाच किलोमीटरवर भाड्याच्या खोलीत राहिले आणि रोज सायकलने जाऊन-येऊन नुसती बघत राहिले. त्या वेळी फार अस्वस्थ व्हायचं, हात शिवशिवायचे. आज वाटतं, तो काळ सगळ्यात सत्कारणी लागला. मुसळधार पावसात छत्री घेऊन उतारावर उभी राहायचे आणि पाणी जिथून धार धरतं तिथे खुंटी ठोकायचे. कोरड्या दिवसांत सावली कुठवर येते ते दगड मांडून ठेवायचे. सहा महिन्यांनी त्या खुंट्या आणि दगडांचा एक नकाशाच तयार झाला होता. वाफे कुठे आणि खड्डा कुठे, हे मला ठरवावंच लागलं नाही.

माती ओळखण्यासाठी काचेच्या बरणीचा साधा उपाय केला. एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. झाकण लावून खूप हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयट्याला काही तास लागतात आणि चिकणमाती एखाद-दोन दिवस पाणी गढूळ ठेवून मग वर पातळ थर धरते. माझ्या बरणीत चिकणमातीचा थर पातळ नव्हता, अर्ध्याला टेकला होता. त्याचा अर्थ नीट कळायला मला एक हंगाम वाया घालवावा लागला.

खालच्या अंगाला एक आजी राहतात. मुलगा कामासाठी दूर, त्या एकट्याच. मी पहिल्यांदा कुदळ घेऊन उतरले त्या दिवशी त्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, आज नको. वाफसा आलेला नाही."

मी म्हणाले, "आजी, मला दोनच दिवस मोकळे आहेत."

"मातीला काय त्याचं? ती तिच्या दिवसानं चालणार."

मी ऐकलं नाही. ओली, चिकट माती दोन दिवस उलथत राहिले, तिच्यावरून फिरत राहिले. आठवड्याभराने ऊन पडलं आणि त्या सगळ्याची ढेकळं झाली, पहारीने फुटणार नाहीत इतकी कडक. चिकणमाती ओली असताना तुडवली की तिच्यातल्या हवेच्या बारीक जागा बंद होतात. मग मुळांना वाट राहत नाही आणि पाणीही मुरत नाही. वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता, पण हाताला तो आजींनी शिकवला. माती मुठीत घट्ट दाबायची, गोळा झाला की त्याला अंगठ्याने टोचायचं. गोळा नुसता दबला तर माती अजून ओली आहे, भुगा होऊन सुटला तर वाफसा आला. आता मी रोज सकाळी हे करते. मातीचा तो गोळा अंगठ्याखाली फुटतो ती भावना मला फार आवडते.

पहिल्या वर्षीची दुसरी चूक आकाराची. हौसेने दोनशे चौरस मीटर जागा खणली आणि सगळीकडे बी पेरलं. महिन्याभरात तण गुडघ्याला लागलं. एका टोकापासून खुरपत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा हिरवं झालेलं असायचं. पाणी बादलीने घालायचे. पंधरा लिटरच्या दोन बादल्या म्हणजे तीस किलो, तेही चढावर, दिवसाला वीस-वीस फेऱ्या. तिसऱ्या आठवड्यात उजव्या खांद्याने हात वर करायचं नाकारलं. शेवटी त्यातला मोठा भाग मी तणाला सोडून दिला. भाजीला उभं सोडून पाठ फिरवताना रडू आलं होतं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या वर्षी फक्त चाळीस चौरस मीटर. दहा वाफे, प्रत्येक सव्वा मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. वर वाळलेल्या गवताचं चार बोटं जाड आच्छादन. त्याने तण दबतं आणि ओलही टिकते, त्यामुळे पाण्याच्या फेऱ्या निम्म्याहून कमी झाल्या. रोपाच्या खोडाला मात्र गवत चिकटू द्यायचं नाही, नाहीतर खोड कुजतं. पेरायच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला लागले. सात फुटल्या तर तेवढ्या अंदाजाने दाट पेरायचं, तीनच फुटल्या तर ते बी बाजूला. त्या चाळीस मीटरांतून आधीच्या दोनशेपेक्षा जास्त भाजी निघाली. मी दर आठवड्याला वजन करून वहीत मांडत होते, म्हणून हे खात्रीने सांगते.

शेंगवर्गी पीक मी मुद्दाम जास्त घेतलं, कारण ते हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींमध्ये धरतं. एक रोप उपटून गाठ नखाने फोडून बघायची. आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पहिली गुलाबी गाठ दिसली तेव्हा मी ती तळहातावर घेऊन वाफ्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिले. दोन वर्षं मीच सगळं करते आहे असं वाटत होतं. त्या मिरीएवढ्या गाठीत माझ्याखेरीज कितीतरी जीव राबत होते.

खताचा ढीग दोनदा फसला. पहिल्यांदा नुसता पालापाचोळा रचला. चार महिने तो जसाच्या तसा राहिला. दुसऱ्यांदा नुसतं ओलं गवत घातलं आणि त्याचा वास मारणारा चिखल झाला. सुक्यात कार्बन जास्त, ओल्यात नत्र जास्त. दोन्हींचा मेळ बसावा लागतो, साधारण पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नत्र. मी घमेल्यांच्या हिशोबाने दोन सुकी, एक ओलं असे थर लावले. ढीग मीटरभर लांब, रुंद आणि उंच केला, कारण त्याहून लहान ढिगात ऊब धरत नाही. चौथ्या दिवशी आत खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढली तर हातात धरवेना. ढिगातली उष्णता पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस टिकली की तणाचं बरंचसं बी मरतं. म्हणून ढीग उलथून बाहेरचं आत घालायचं.

आता खोलीबद्दल. भिंतींसाठी मातीच्या कच्च्या विटा करायचं ठरवलं, कारण माती होती आणि पैसे नव्हते. आधी वाळूचं प्रमाण बदलून सहा नमुने पाडले. चिकणमाती जास्त झाली तर वीट वाळताना तडकते, वाळू जास्त झाली तर कडा हाताने झडतात. चौथा नमुना उतरला. साचा मी चाळीस बाय वीस बाय दहा सेंटीमीटरचा केला होता. वाळलेली वीट चौदा किलोच्या आसपास भरली. पन्नास विटा उचलून रचल्यावर रात्री पाठ टेकवता येईना. टाकीचा दिवस आठवला आणि साचाच मोडला. नवा साचा तीस बाय पंधरा बाय दहाचा, वीट आठ किलोची. विटा जास्त लागल्या, दिवस जास्त लागले, पण कामात खंड पडला नाही. भिंती वर गेल्या. कोपरे काटकोनात आणण्यासाठी दोरीला सारख्या अंतरावर बारा गाठी मारून तीन-चार-पाचचा त्रिकोण ताणत होते. शाळेत पाठ केलेलं प्रमेय हातातल्या सुतळीत खरं होताना बघणं फार समाधानाचं होतं. मातीच्या भिंतीचा शत्रू पाणी. म्हणून जोतं दगडाचं गुडघाभर उंच घेतलं आणि छपराची पागोळी भिंतीपासून हातभर लांब पडेल अशी ठेवली.

छपराचं आडवं क्षेत्रफळ चोवीस चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. हंगामात पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर बारा हजार लिटर. गळती, उडून जाणं आणि पहिल्या पावसाचं छपरावरची धूळ-घाण धुणारं पाणी सोडून द्यावं लागतं ते वगळून दहा हजार. मला दिवसाला तीस लिटर पुरतं. म्हणजे एका छपरावर जवळपास अकरा महिन्यांची सोय. हा हिशोब मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. साठवायला एकदम मोठी टाकी परवडणारी नव्हती, म्हणून दरवर्षी एक-दोन वाढवत नेल्या. नव्या चौथऱ्यांचा भराव वीतभराच्या थरांनी घातला, प्रत्येक थर पाणी मारून चोपला आणि पुढच्या कामाआधी पंधरा दिवस तसाच ठेवला. टाक्या वाफ्यांच्या वरच्या अंगाला बसवल्या. उंचीच्या प्रत्येक मीटरमागे दाब फक्त एक दशांश बार वाढतो, पण ठिबकच्या साध्या नळ्यांना तेवढ्यावरही काम करता येतं. माझा खांदा त्यामुळे सुटला. पिण्याचं पाणी मात्र मी उकळूनच घेते.

कोंबड्यांचं लिहायला जड जातं. आठ आणल्या होत्या. खुराड्याला षटकोनी छिद्रांची पातळ जाळी लावली, कारण विकताना तिला कोंबडीजाळीच म्हणतात. ती जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. एका पहाटे दार उघडायला गेले तर जाळी खालून वाकवलेली, तिच्याखाली माती उकरलेली. पाच मेलेल्या, त्यातली एकही खाल्लेली नाही. उरलेल्या तिघी सर्वांत वरच्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, आवाजच करत नव्हत्या. त्या माझ्या भरवशावर होत्या. मी त्यांना संध्याकाळी मोजून आत घेतलं होतं आणि कडी लावून निर्धास्त झोपले होते.

त्या आठवड्यात दुसरं काहीच केलं नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची जाड वेल्डमेश जाळी आणली आणि भिंतीबाहेर जमिनीवरही हातभर आडवी पसरून वर दगड-माती टाकली. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरायला लागतं आणि तिथे त्याला जाळी लागते. त्यानंतर एकही गेली नाही. आता पाच आहेत. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, म्हणजे पाचजणींना महिन्याला सोळा-सतरा किलो खाद्य. हे आधी मांडून मगच संख्या ठरवावी. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, कधी थांबतात. त्यांना चौदाएक तास उजेड लागतो. मी दिवा लावून त्यांना जागवत नाही. त्यांनाही विसावा असू दे.

आणखी एक प्रसंग. उतारावर पाणी अडवायला समपातळीवर चर खणत होते, दिवसाला तीन मीटर, त्याहून जास्त नाही असं ठरवून. तिन्हीसांजेला शेवटचं घमेलं रिकामं करताना पाय घोट्यात मुरगळला. 'मुरगळला' हा शब्द कमी पडतो. डोळ्यांपुढे काळोख आला. फोन खोलीत फळीवर. साठ मीटरचं अंतर मी रांगत आणि घसटत तासाभरात कापलं. आत पोचून फोन हातात घेतला तर रेंज नव्हती. रात्र तशीच काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी काठी टेकत वर आल्या.

"तुझ्या कोंबड्या सकाळपासून आतच ओरडतायत. मी म्हटलं, ही पोरगी एवढा वेळ झोपणारी नाही."

पंधरा दिवस त्यांनी मला दोन्ही वेळा जेवू घातलं. त्यानंतर काही गोष्टी मी कधी मोडल्या नाहीत. फोन कायम कमरेला, रेंज कुठे मिळते त्या जागा माहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर, कारण त्याचे जंतू मातीतच असतात. शिडीवर चढायचं आणि धारदार हत्यार चालवायचं ते सकाळी, अंग ताजं असताना. संध्याकाळी फक्त बसून करायची कामं. आणि दिव्याचा करार. अंधार पडला की मी ओटीवर दिवा लावायचा, आजींनी त्यांच्या दारात. ज्याचा दिसणार नाही त्याच्याकडे दुसऱ्याने जायचं.

एकटेपणाबद्दल लोक विचारतात. काही संध्याकाळी फार जड जातात, विशेषतः सलग पावसाच्या दिवसांत. तेव्हा मी हत्यारांना धार लावते. कोयता, विळा, खुरपं एकामागून एक दगडावर घासायची. धार लावलेल्या खुरप्याने दुसऱ्या दिवशी काम निम्म्या जोरात होतं आणि तो आवाजही मनाला बरा वाटतो. दर रविवारी मी खाली आजींकडे जाते. मला त्यांच्याकडून शिकायचं असतं आणि त्यांना चष्म्याने बारीक दिसत नाही, त्यामुळे त्यांची शिवणटिपण मी करते. शिवणकाम येतं हे इथे उपयोगी पडेल असं सुरुवातीला वाटलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी माझा दिवा लागला आणि खालचा लागलाच नाही. दहा मिनिटं वाट पाहिली. मग टॉर्च घेऊन निघाले, चराच्या कडेने, बांधावरून, जमेल तेवढं भरभर. घोटा अजून उतारावर कुरकुरतो. आजी दारात अंधारात बसून चाचपडत शेंगा सोलत होत्या.

"बल्ब गेलाय गं," त्या म्हणाल्या. "स्टुलावर चढणं काही आता माझ्यानं होत नाही. म्हटलं, येशीलच तू."

मी बल्ब बदलला. शेंगांची पाटी दोघींच्या मध्ये ओढली आणि संपेपर्यंत सोलत बसलो.